पुण्यातली विसर्जन मिरवणूक रात्रभर थांबून बघायची आहे. आम्ही दोघी मैत्रिणी कोल्हापूरहून येतोय. अलका चौकात बसावं की लक्ष्मी रोडवर?

लक्ष्मी रोडवर. कुंटे चौकाच्या आसपास एखाद्या बंद दुकानाची पायरी धरा आणि काही झालं तरी हलू नका. अलका चौकाचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. का ते सांगते.

1994 साल, मी दहावीत. अनंत चतुर्दशीला आई, मी आणि धाकटी बहीण फलटणहून यष्टीने आत्याकडे आलो. आई आणि आत्या घरीच थांबल्या. आम्हा दोघींना आतेभावाच्या हवाली केलं. दादा तेव्हा कॉलेजला होता, म्हणजे त्याला सगळंच कळत होतं. कुंटे चौकाजवळ एका साडीच्या दुकानाची शहाबादी पायरी मिळाली. सतरंजी अंथरली, वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चपला ठेवल्या. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. मधे एक सर येऊन गेली आणि रस्त्यावरच्या गुलालाचा चिखल झाला. बहिणीचा पांढरा फ्रॉक त्यानंतर कधीच पांढरा झाला नाही.

मानाचे पाच गणपती पुढे निघून गेले होते. आम्ही थांबलो होतो ते लायटिंगच्या गणपतींसाठी आणि खूप उशिरा येणाऱ्या दगडूशेठ गणपतीसाठी. तेव्हा बारा वाजता वाजवणं बंद व्हायचं नाही, बँड रात्रभर चालायचे. प्रत्येक उंच रथापुढे एक माणूस लांब बांबू घेऊन चालायचा. बांबूच्या टोकाला आडवी फळी ठोकलेली. रस्त्यावरून गेलेल्या वायरी तो फळीने उचलून धरायचा, रथ खालून सरकायचा, की हा पळत पुढच्या वायरीकडे. मागून जनरेटरचा धडधडाट आणि डिझेलचा वास. मी गणपतीपेक्षा त्या बांबूवाल्यांकडेच जास्त बघत होते, खोटं कशाला बोलू.

पहाटे तीनला दादाच्या अंगात आलं. ‘‘अलकाला चला. लक्ष्मी, कुमठेकर, केळकर, टिळक, चारही रस्त्यांचे गणपती तिथेच येतात. इथे काय बसलाय!’’ मी नको म्हणत होते. आम्ही सतरंजीची घडी घालेपर्यंत पायरीवर दुसरं कुटुंब बसलंसुद्धा. अलकाला मुंगीला जागा नव्हती. बहिणीची एक चप्पल तिथे गेली. उजाडता उजाडता दगडूशेठ आला तेव्हा मला दिसला फक्त रथाचा कळस, आणि त्याखाली एका काकांच्या सफारीची पाठ.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्यानंतर प्रत्येक लग्नात, मुंजीत, बारशाला दादा सांगत आलाय, ‘‘पोरींना बाथरूमला जायचं होतं म्हणून जागा सोडावी लागली.’’ साफ खोटं! आम्ही दोघी रात्री दहालाच मागच्या वाड्यात जाऊन आलो होतो. एकेकटी, आळीपाळीने. तिथल्या आजींनी बादली भरून दिली, वर चहा घेतेस का विचारलं. जागा सोडली ती दादाने, अलकाच्या हौसेपायी. तीस वर्षं झाली, अजून कबूल करत नाही.

म्हणून तुम्हा दोघींना सांगते, एकीने जागा धरायची, एकीने जायचं. दोघींनी मिळून उठायचं नाही. आता ते वाडे नाहीत, तेव्हा उघडं हॉटेल दिसलं की जाऊन यायचं, लागेपर्यंत थांबायचं नाही. कानात कापूस घाला. गर्दीत धक्के मारणारे भेटतात, त्यांना कोपर दाखवायचं, लाजायचं नाही. आणि सोबत ‘सगळं माहीत असलेला’ भाऊ असेल तर त्याला घरी ठेवून या.

हो, हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं: हल्ली रात्री बारा ते सकाळी सहा स्पीकर वाजवायला बंदी असते. बरीच मंडळं रस्त्यातच थांबून सहा वाजायची वाट बघतात, त्यामुळे ते सहा तास कंटाळा येऊ शकतो. आणि दगडूशेठ 2023 पासून दुपारी चारच्या सुमारास मिरवणुकीत येतो. त्याच्यासाठी थांबणार असाल तर रात्र जागवायची गरजच नाही. लायटिंग बघायचं असेल तर मात्र थांबा.

2023 ला मी दुपारपासून त्याच पायरीवर बसले होते. आता ग्रॅनाइटची झालीये, उन्हात चटके देते. संध्याकाळी दादाचा फोन आला, तो अलकाला उभा होता. ‘‘दगडूशेठ अजून दिसत नाही गं, कुठवर आलाय?’’

म्हटलं, माझ्यासमोर आहे.