शेरा वाचला जावा म्हणून

विद्यार्थ्यांचं लिखाण ऑनलाइन तपासणं आणि त्यावर अभिप्राय देणं, या विषयावर नागपूर आणि परिसरातल्या वाचकांची बरीच पत्रं आली. त्यातले सहा प्रश्न निवडले आहेत. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्या पाचांचं मूळ बरंचसं तिथेच आहे.

प्रश्न : बी.कॉम. दुसऱ्या वर्षाचे ८४ विद्यार्थी गूगल क्लासरूमवर असाइनमेंट देतात. एकेकाला दहा मिनिटं धरली तरी आठवडाभराच्या रात्री तपासण्यात जातात. एवढं लिहूनही मुलं फक्त गुण बघतात आणि पुढच्या वेळी त्याच चुका करतात. माझं कुठे चुकतंय? — एक प्राध्यापिका, काटोल रोड

उत्तर : दहा मिनिटांप्रमाणे ८४ जणांचे १४ तास होतात. मॅडम, तुमची मेहनत कमी पडत नाही. शेरा आणि गुण एकाच वेळी हाती पडतात, अडचण तिथे आहे. गुण दिसले की मुलाच्या दृष्टीने विषय संपला. इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर संशोधक रूथ बटलर यांनी केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसते शेरे मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं, शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांचं सुधारलं नाही, असं त्यात दिसलं. महाविद्यालयातली मुलं वयाने मोठी असतात, पण गुणांकडे आधी डोळे जाण्याची सवय तीच.

म्हणून काम दोन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत फक्त शेरा लिहा, गुण देऊ नका आणि ‘रिटर्न’ दाबा. क्लासरूममध्ये गुण न भरताही काम परत पाठवता येतं. विद्यार्थ्याने ‘टर्न इन’ केल्यावर त्याला त्या डॉक्युमेंटमध्ये बदल करता येत नाहीत. तुम्ही रिटर्न केलंत की त्याचा हक्क परत येतो, मग तो दुरुस्ती करून ‘रिसबमिट’ करतो. गुण दुसऱ्या फेरीत. यात एक खड्डा आहे. तपासता तपासता गुणांच्या चौकटीत आकडा टाकून ठेवलात, तर तो मसुदा म्हणून तिथेच राहतो आणि रिटर्न दाबताच शेऱ्याबरोबर निघून जातो. पहिल्या फेरीचे अंदाजी गुण वेगळ्या शीटमध्येच लिहा.

आता वेळेचं. तपासायला बसल्यावर पहिली दहा असाइनमेंट नुसती वाचा, काही लिहू नका. पुन्हा पुन्हा येणाऱ्या चुका कागदावर टिपत जा. ८४ जणांच्या वर्गात वेगवेगळ्या चुका साधारण १२ ते १५ निघतात, बाकी सगळी त्यांचीच रूपं. त्या चुका क्लासरूमच्या ‘कॉमेंट बँक’मध्ये पूर्ण वाक्यांत साठवा. तपासताना हॅशचं चिन्ह आणि एखादा शब्द टंकला की ते वाक्य समोर येतं. मात्र साठवलेलं वाक्य जसंच्या तसं डकवू नका, त्यापुढे त्या मुलाच्या लिखाणातला परिच्छेद किंवा आकडा जोडा. ‘खर्चाचं वर्गीकरण चुकलं आहे’ हे बँकेतलं वाक्य झालं, ‘तक्ता २ मधलं भाडं स्थिर खर्चात घ्या’ हे त्या मुलासाठी. दुसरं वाक्य नसेल तर मुलांना लगेच कळतं की सगळ्यांना तेच आलं आहे.

एका विद्यार्थ्याला शेरे तीनच : काय जमलं आहे, सगळ्यात मोठी अडचण कोणती, आणि ती दूर करायला आधी काय करायचं. समासात चौदा लाल खुणा केल्या की मूल त्यातल्या सर्वांत सोप्या दोन दुरुस्त करतं, म्हणजे शुद्धलेखनाच्या, आणि मूळ युक्तिवाद जिथे होता तिथेच राहतो. या रीतीने एकाला चार मिनिटं लागली तरी ८४ जणांचे ५ तास ३६ मिनिटं होतात. दुसरी फेरी याहून लवकर होते, कारण तिथे फक्त तिसरा शेरा अमलात आला का एवढंच बघायचं असतं.

भाषा दुरुस्त करायची असेल तर डॉक्युमेंटच्या ‘सजेशन’ मोडमध्ये करा, तिथे मूळ मजकूर राहतो आणि तुमचा बदल सूचना म्हणून दिसतो. थेट खोडून नवीन लिहिलंत तर काय बदललं हे मुलाला दिसत नाही. सजेशनमध्येही मुलं न वाचता एकामागून एक बरोबरची खूण दाबत सुटतात. त्यामुळे दुरुस्ती पहिल्याच परिच्छेदात करून दाखवा आणि खाली लिहा, ‘अशाच चुका पुढे आहेत, त्या तुम्ही शोधा.’ आणखी एक. आपली बहुतेक मुलं काम फोनवर बघतात. तिथे समासातल्या टिप्पण्या बोट लावल्याशिवाय उघडत नाहीत. मुख्य शेरा ‘प्रायव्हेट कॉमेंट’मध्येच लिहा. त्याच्या जवळची ‘क्लास कॉमेंट’ची चौकट मात्र सगळ्या वर्गाला दिसते. घाईत तिथे लिहिलेला शेरा नंतर पुसता येतो, पण तोवर वर्गाने वाचलेला असतो.

आणि शक्य असेल तर वर्गाच्या २८-२८ च्या तीन तुकड्या करून मुदतीत आठवड्याचं अंतर ठेवा. क्लासरूममध्ये असाइनमेंट निवडक विद्यार्थ्यांनाच देता येतं. तीन आठवड्यांनी आलेला उत्तम शेरा कुणाच्याच कामाचा नसतो, तोवर दुसरं युनिट सुरू झालेलं असतं.

प्रश्न : माझ्या अर्थशास्त्राच्या असाइनमेंटवर ‘विश्लेषण कमी आहे, सुधारा’ एवढंच लिहून आलं. नेमकं काय सुधारायचं? सरांना परत विचारलं तर त्यांना आवडेल का? — बी.ए.ची विद्यार्थिनी, उमरेड

उत्तर : जरूर विचार, पण ‘सर, समजलं नाही’ असं नको. आधी स्वतः एक दुरुस्ती करून बघ आणि ती दाखव. तू पाठवलेल्या पानावरची ही दोन वाक्यं बघू : ‘संत्र्याचे भाव पडल्याने शेतकरी अडचणीत येतो. शासनाने यावर उपाय करावेत.’ पहिल्या वाक्यात घटना आहे, दुसऱ्यात मागणी आहे आणि मधलं ‘का’ गळालं आहे. विश्लेषण म्हणजे तो मधला भाग. भाव कोणत्या महिन्यात पडतात? आंबिया आणि मृग या दोन बहरांचा माल बाजारात वेगवेगळ्या काळात येतो. दोन्ही वेळी भाव सारखेच पडतात का? कळमना बाजारातली आवक आणि त्याच दिवसांचे भाव शेजारी शेजारी ठेवलेस तर तीन-चार वाक्यं आपोआप सुचतील. आवक वाढूनही भाव टिकलेला एखादा आठवडा सापडला, तर तो नक्की लिही. परीक्षकाला तेच हवं असतं.

मग सरांना लिही, ‘सर, दुसऱ्या परिच्छेदात भाव पडण्याचं कारण जोडलं आहे. आपल्याला हेच अपेक्षित होतं का?’ हो किंवा नाही एवढ्यात उत्तर देता येईल असा प्रश्न असला की कामात बुडालेले शिक्षकही त्याच दिवशी उत्तर देतात.

प्रश्न : आमच्याकडे मूडल (असाइनमेंट घेण्याची आणि तपासण्याची ऑनलाइन प्रणाली) आहे. एका पेपरचे अंतर्गत गुण दोन शिक्षक मिळून ठरवतात. मागच्या सत्रात माझे गुण सेव्ह होताच मुलांना दिसले, नंतर ते बदलले आणि तक्रारी आल्या. हे कसं थांबवायचं? — सहायक प्राध्यापक, वर्धा रोड

उत्तर : असाइनमेंटच्या सेटिंगमध्ये गुणांच्या विभागात ‘मार्किंग वर्कफ्लो’ नावाचा पर्याय आहे, तो चालू करा. त्यानंतर प्रत्येक कामाला एक अवस्था मिळते : तपासलेलं नाही, तपासणी सुरू, तपासणी पूर्ण, पुनर्पाहणीत, देण्यास तयार आणि शेवटी ‘रिलीज्ड’. या शेवटच्या अवस्थेपर्यंत विद्यार्थ्याला गुणही दिसत नाहीत आणि शेराही. दोघांचं एकमत झाल्यावर यादीतली सगळी नावं निवडून अवस्था एकदम बदला. एकेक करत बसलात तर अर्ध्या वर्गाला गुण सकाळी दिसतील, उरलेल्यांना संध्याकाळी, आणि फोन सुरू होतील. हा पर्याय पहिला पेपर तपासायच्या आधीच चालू करा.

इंटरनेट किंवा वीज दगा देत असेल, तर ‘ऑफलाइन ग्रेडिंग वर्कशीट’ घेऊन गुण आणि शेरे लॅपटॉपवर भरता येतात. ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की मराठी शेऱ्यांची अक्षरं बिघडू शकतात. ‘डेटा’ मेनूतून ती आयात करा आणि एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ निवडा, सेव्ह करतानाही तेच. पहिल्या स्तंभातल्या ओळखक्रमांकाला हात लावू नका. फाइल उतरवून घेतल्यानंतर सहकाऱ्याने मूडलवर एखाद्याचे गुण बदलले असतील, तर फाइल चढवताना मूडल ती ओळ आपणहून सोडून देतं. ते तुमच्या भल्याचंच आहे. अशा ओळी सोडून देणं बंद करायची चौकट तिथेच असते, पण सहकाऱ्याशी बोलल्याशिवाय तिच्यावर खूण करू नका.

प्रश्न : मुलं हस्तलिखित असाइनमेंटचे बारा-बारा फोटो पाठवतात, त्यातले निम्मे आडवे. टंकलेली मराठी असाइनमेंट उघडली तर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. — मराठीचे प्राध्यापक, सदर

उत्तर : फोटोंचा प्रश्न सूचना लिहून सुटत नाही, सेटिंगने सुटतो. मूडलमध्ये फाइलची संख्या १ आणि प्रकार फक्त पीडीएफ ठेवा. फोनवरच्या गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅनची सोय आहे. पानं एकामागून एक घेतली की एकच पीडीएफ तयार होतो. मुलांना दोनच गोष्टी सांगा : वही खिडकीजवळ ठेवा आणि आपली सावली पानावर पडू देऊ नका. पेन्सिलीचं लिखाण स्कॅनमध्ये पुसट येतं, निळं किंवा काळं पेन सक्तीचं करा.

अशा पीडीएफवर मूडलमध्येच खुणा करता येतात. माउसने अक्षर काढायच्या फंदात पडू नका, टिप्पणीची चौकट वापरा. चौकट समासात ठेवा, नाहीतर ती मुलाच्या मजकुरावर बसते आणि कशाबद्दल शेरा आहे तेच झाकलं जातं. नेहमीच्या टिप्पण्या ‘क्विकलिस्ट’मध्ये साठवता येतात.

अक्षरांचा काला होतो तो जुन्या फॉन्टमुळे. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर आतून रोमन अक्षरांचाच असतो, फॉन्ट त्याला फक्त देवनागरीचं रूप देतो. तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नसेल तर आतलं सगळं बाहेर दिसतं. सत्राच्या पहिल्याच दिवशी युनिकोडची, म्हणजे कुठल्याही संगणकावर देवनागरीच दिसेल अशा टंकलेखनाची, अट घाला. इनस्क्रिप्ट कीबोर्ड येत नसेल तर फोनवरचा जीबोर्ड हा कीबोर्ड चालेल, तिथे मराठी बोलूनही लिहिता येतं. आलेल्या जुन्या फाइली कन्व्हर्टरमधून काढा, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच होतात.

प्रश्न : एम.ए.च्या लघुप्रबंधाच्या, उचललेला मजकूर शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालात २२ टक्के साम्य आलं. विद्यार्थी घाबरला आहे. त्याला काय लिहून द्यावं? — मार्गदर्शक, अमरावती रोड

उत्तर : आधी अहवाल उघडून साम्य कुठे आहे ते बघा, मगच आकड्याकडे या. वीस ठिकाणांहून एकेक टक्का आणि एकाच लेखातून वीस टक्के, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश साम्यात धरायचे नाहीत. सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य किंवा योगायोगाचं साम्यही वगळायचं आहे. हे वगळल्यावर १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० च्या वर ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सुधारित प्रत द्यावी लागते, तीही ठरवून दिलेल्या मुदतीत, आणि ही मुदत सहा महिन्यांहून जास्त नसते.

विद्यार्थ्याला ‘साम्य कमी करा’ असं लिहू नका. तो शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घालत बसेल आणि मजकूर आणखी बिघडेल. ‘प्रकरण ३ मधला अमुक परिच्छेद पुस्तक मिटून, आपल्या शब्दांत पुन्हा लिहा आणि शेवटी संदर्भ द्या’ असं परिच्छेदवार लिहून द्या. आणि जुन्या फॉन्टमधला मराठी प्रबंध तपासायला देऊन ‘साम्य २ टक्के’ आलं, तर त्यावर विश्वास ठेवू नका. सॉफ्टवेअरला त्यात मराठी दिसलेलीच नसते.

प्रश्न : सगळ्यांचे गुण आणि शेरे एका पीडीएफमध्ये करून वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले तर चालतील का? — एक वाचक, कामठी

उत्तर : नाही. कुणाचं काय चुकलं ते ज्याचं त्यालाच कळलं पाहिजे, आणि ग्रुपवर गेलेली फाइल नंतर पुसली तरी ज्यांनी उतरवून घेतली त्यांच्याकडे ती राहू शकते. ग्रुपवर सामाईक चुकांची टीप टाका, तीही नाव किंवा रोल नंबर न देता. उदाहरण म्हणून मुलाचं वाक्य घ्यायचं असेल तर चुकलेलं घेऊ नका, चांगलं घ्या, आणि त्या मुलाला आधी विचारा. चुकलेलं वाक्य हवंच असेल तर ते स्वतः बनवा.