बल्गेरियात नाचायला जायचंय? मुक्काम कमी करा, सात मात्रा आधी पायात बसवा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातला हौशी लोकनृत्याचा गट, अठरा जण, वय तिशी ते साठी. जूनमध्ये बारा दिवस बल्गेरिया. नुसतं बघायचं नाही, गावकऱ्यांच्या साखळीत हात घालून नाचायचंय. टूरवाल्याने बारा दिवसांत नऊ मुक्काम आखलेत. हे जमेल का, आणि आधी काय शिकून जावं?

नऊ मुक्काम नाचणाऱ्यांसाठी नाहीत, फोटो काढणाऱ्यांसाठी आहेत. रोज बॅग भरायची, तीन तास बसमध्ये बसायचं आणि संध्याकाळी आखडलेल्या पोटऱ्यांनी उड्या मारायच्या, हे तिसऱ्या दिवशी बंद पडतं. चारच ठिकाणी मुक्काम करा. बल्गेरियन नाच प्रांताप्रांताला बदलतो, त्यामुळे दोन प्रांत नीट पकडले तर हाती काही लागतं. सहा प्रांत चाखले तर सगळं एकसारखं वाटतं.

आधी ताल, कारण गाडी तिथेच अडते. बल्गेरियन साखळीनृत्याला 'होरो' म्हणतात. बरेचसे होरो विषम मात्रांचे असतात आणि आपल्याला ते तबल्याच्या बोलांत सहज धरता येतात. पायदुश्को ५ मात्रांचा: तक तकिट. राचेनित्सा ७ चा: तक तक तकिट. दायचोवो ९ चा: तक तक तक तकिट. कोपानित्सा ११ चा: तक तक तकिट तक तक. नैऋत्येच्या डोंगराळ पिरिन भागातले बरेच नाच ३-२-२ असे चालतात, म्हणजे आपल्या रूपक तालाचीच विभागणी. पण इथेच माणूस गाफील राहतो. रूपक मध्यलयीत आरामात मोजता येतो, राचेनित्साचं अख्खं आवर्तन मात्र सेकंदाभरात संपतं. एवढ्या वेगात मात्रा मोजत बसलात तर पाय मागे पडलाच. मात्रा मोजू नका, ठोके मोजा: लहान, लहान, मोठा. ठोके तीन, पावलंही तीन: उजवा-डावा-उजवा, पुढच्या आवर्तनाला डावा-उजवा-डावा.

नेहमीची चूक अशी की कान त्या मोठ्या ठोक्याला ओढून चार मात्रांचा करतो आणि ७ चे ८ होतात, म्हणजे कहरवा. दमलेला माणूस उलट तो आखडता घेतो आणि ६ चा दादरा करून टाकतो. दोन्हींत चार आवर्तनांत माणूस शेजाऱ्याच्या पायावर येतो. उपाय एकच: आठवडाभर संगीत न लावता तोंडाने 'तक तक तकिट' म्हणत जागच्या जागी पावलं टाका. 'किट'वर पाय जमिनीतच राहिला पाहिजे, उचलला की गेलं. मग संथ गतीचं रेकॉर्डिंग आणि मूळ गती सगळ्यात शेवटी.

निघण्यापूर्वी पाच नाच पुरेत: प्रावो, पायदुश्को, राचेनित्सा, दायचोवो आणि दुनाव्स्को. शेवटचा तिकडे नववर्षाच्या मध्यरात्री घराघरात नाचतात, त्यामुळे तो न येणारा माणूस सापडणं कठीण.

यातला प्रावो सगळ्यांत सोपा म्हणून लोक तो टाळतात, आणि नेमका तिथेच फसतात. पावलं अशी: उजवा, डावा (दोन्ही झटपट), उजवा टेकून थांबा, डावा मागे टेकून थांबा. दोन मात्रांचे तीन खंड, एकूण सहा मात्रा. संगीताचं वाक्य मात्र चार किंवा आठ खंडांचं. त्यामुळे तुमची पहिली पायरी दर वेळी सुरावटीच्या वेगळ्या जागी पडते. समेवर यायची सवय असलेल्या आपल्या कानाला हे चुकल्यासारखं वाटतं, आणि माणूस मधेच एक पाऊल वाढवून समेला 'जुळवून' घेतो. जुळवू नका. साखळीतल्या कुणालाच ते जुळवायचं नसतं. कान ढोलाकडे (तो 'तपान') ठेवा, सुरावटीकडे नको.

हातांची पकड प्रांताप्रमाणे बदलते: हात खाली सोडून, खांद्याच्या उंचीवर कोपरं वाकवून, खांद्यावर किंवा पट्टा धरून. पट्ट्याची पकड सोफियाभोवतालच्या शोप प्रांतात फार. त्यात तुमचा डावा हात शेजाऱ्याच्या हाताच्या वरून जातो, उजवा खालून. एकाने उलटं केलं तर दोघांचे खांदे अडकतात आणि सगळी ओळ वाकडी होते. पँटच्या पट्ट्याला बोटं घालता येत नाहीत आणि ओढणी सुटते. म्हणून प्रत्येकाने पाचेक सेंटिमीटर रुंदीचा जाड सुती पट्टा शिवून न्यावा, कंबरेला सैलसर, चार बोटं आत जातील इतका.

शैलीबद्दल एवढंच: शोप भागात धड सरळ, पावलं बारीक आणि चपळ. खांद्यांची थरथर पायातून वर येते, भांगड्यासारखी मुद्दाम हलवायची नाही. थ्रेसमध्ये (प्लोवदिवभोवतालचा सपाट प्रांत) गुडघे किंचित वाकलेले आणि सगळा भार जमिनीकडे. साठीच्या मंडळींना थ्रेस मानवतं, शोप नाही.

मार्ग मी असा धरेन: सोफियाला एक रात्र, कोप्रिवश्तित्साला दोन, प्लोवदिवला चार, रोडोपी डोंगरातल्या शिरोका लाकाला तीन, उरलेल्या सोफियात. कोप्रिवश्तित्सा म्हणजे रंगीत लाकडी वाड्यांचं गाव. १८७६ च्या एप्रिल उठावाची पहिली गोळी इथे झाडली गेली. लोककलांचा मोठा राष्ट्रीय मेळावा इथेच भरतो, पण साधारण पाच वर्षांनी एकदा, आणि गेला २०२५ च्या ऑगस्टमध्ये झाला. तुमच्या जूनमध्ये गाव शांत असेल, शिकायला तेच बरं. रेल्वे स्टेशन गावापासून बरंच दूर आहे, तिथून चालत जायची कल्पना नको. शिरोका लाकात लोककलांची निवासी शाळा आहे आणि परिसरात 'काबा गाइदा' ऐकायला मिळते: मोठ्या पिशवीची, खर्जातली बॅगपाइप. तिच्यावरचा नाच संथ असतो, पण संथ म्हणून सोपा नव्हे. तोल जातो तो तिथेच.

जूनच्या सुरुवातीला कझानलाकचा गुलाब महोत्सव असतो. प्लोवदिवहून एक दिवस काढा, पण मिरवणुकीपेक्षा पहाटेची तोडणी बघा. ऊन चढलं की पाकळीतलं तेल उडतं, म्हणून सकाळीच काम उरकतात. एक किलो तेलाला तीन-चार टन पाकळ्या लागतात. ३ जूनच्या रात्री बल्गारी गावात निखाऱ्यांवरून चालण्याचा 'नेस्तिनारी' विधी होतो, पण ते गाव पार आग्नेय टोकाला आहे. या मार्गात ते कोंबू नका. आणि समुद्रकाठच्या हॉटेलांत त्याचा जो प्रयोग दाखवतात त्याला विधी समजू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी टूरवाला सांगणार नाही: 'चितालिश्ते'. गावोगावची ही सांस्कृतिक मंडळं, वाचनालय आणि सभागृह एकत्र, १८५६ पासूनची परंपरा. २०१७ मध्ये युनेस्कोने ती वारसा-जतनाच्या चांगल्या उपक्रमांत नोंदवली. आपल्याकडच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाला नाट्यगृह जोडलं तर जे होईल, साधारण तसंच. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर लोक इथे ट्रॅकसूट घालून होरोच्या सरावाला येतात. खरा नाच तिथे बघायला मिळतो. रेस्टॉरंटमधली 'फोकलोर संध्या' जेवणासाठी ठीक. टूरवाल्याला सांगा की चितालिश्तेच्या सचिवाला दोन महिने आधी पत्र पाठव: किती जण, कोणते नाच येतात, दिवसाला नव्वद मिनिटांची दोन सत्रं, पहिलं सत्र रेकॉर्डिंगवर, दुसऱ्याला गाइदा आणि तपानवाला हजर. जुलै-ऑगस्टमध्ये बरेच वर्ग सुट्टीवर असतात, तेव्हा जून योग्यच.

साखळीत शिरताना: ओळ उजवीकडे सरकते, उजव्या टोकाचा माणूस म्होरक्या, बहुधा हातात रुमाल. त्याच्या पुढे कधीही जोडून घ्यायचं नाही. शेपटाला जोडा. शेपटाच्या माणसाच्याही हातात रुमाल असेल तर तो मुद्दाम तिथे उभा आहे, त्याच्या अलीकडे शिरा. नाच येत नसेल तर ओळीच्या मागे उभं राहून पायांची नक्कल करा, कुणाला वावगं वाटत नाही. मधे शिरून अडखळलात तर मात्र दहा जण अडखळतात.

मान हलवण्याचा घोळ आधीच समजून घ्या. तिथे 'हो' म्हणताना मान आडवी हलते आणि 'नाही' म्हणताना वर झटकतात. आपलं डोलणं त्यांना होकारच वाटतं, पण आपण खालीवर मान हलवली की तो नकार होतो. मास्तर विचारतात 'समजलं का?', अठरा माना खालीवर हलतात, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. तोंडाने 'दा' किंवा 'ने' म्हणा. शिवाय 'पो-बाव्नो' (हळू) आणि 'ओश्ते वेद्नझ' (पुन्हा एकदा) पाठ करा. 'द्यास्नो' उजवा, 'ल्यावो' डावा.

शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही: शोप्स्का सॅलड, दह्या-काकडीचं थंड सूप तारातोर, चीज भरलेली पापुद्र्यांची बानित्सा, रोडोपीत बटाट्याचा पुदिनेदार पाताटनिक. 'बेझ मेसो' म्हणजे मांसाशिवाय. 'पोस्तनो' म्हटलं की दूध-अंडंही वगळतात. बीन्सच्या सूपात मांस आहे का ते विचाराच. पाहुण्यांपुढे पाव-मीठ येतं तेव्हा एक तुकडा तोडून मिठात बुडवून खायचा, अख्खा पाव उचलून बॅगेत टाकायचा नाही. फुलं द्याल तर विषम संख्येत. सम संख्या अंत्यविधीला.

कागदपत्रं: बल्गेरिया जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा आणि ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. १ जानेवारी २०२६ पासून चलन युरो आहे. जुन्या माहितीत लेव्हमधले (आधीचं चलन) दर दिसले तर १.९५५८३ ने भागा आणि सुट्ट्या पैशांत लेव्हच्या नोटा घेऊ नका. बस ठरवताना बॅगांचं विचारा: वीस सीटच्या मिनीबसमध्ये वीस माणसं बसतात, वीस मोठ्या बॅगा बसत नाहीत.

बूट पातळ, लवचिक तळव्यांचे हवेत, जाड स्पोर्ट्स शूजमध्ये टाच जमिनीला लागलेली कळत नाही. प्लोवदिवच्या जुन्या भागातल्या गोल दगडांच्या रस्त्यांसाठी मात्र दुसरा, पकड असलेला जोड.

ते तुम्हाला 'तुमचं काहीतरी दाखवा' म्हणणारच. लेझीम न्या. लावणीला नऊवारी, घुंगरं आणि जागा लागते, ढोल विमानात परवडत नाही. सहा-सात मिनिटांचा लेझीमचा संच बसवा, शेवटी चार जादा लेझीम यजमानांच्या हातात द्या. चारच्या ठेक्याला त्यांना पाच मिनिटंही लागणार नाहीत. लेझीम चेक-इन बॅगेतच टाका, केबिन बॅगेत लाकडी दांड्याला लोखंडी साखळी बघून सुरक्षावाले सोडणार नाहीत.