ओंडक्याच्या फळ्या पाडण्यासाठी चेनसॉ

प्रश्न : माझ्याकडे ४५ सीसी क्षमतेचे चेनसॉ यंत्र असून आजवर मी ते फांद्या छाटण्यासाठीच वापरले. वादळात पडलेल्या झाडाचे सुमारे ५० सेंटिमीटर व्यासाचे ओंडके आता उभे चिरून फळ्या काढायच्या आहेत. साखळी बदलून भागेल, की मोठे यंत्र घ्यावे लागेल?

उत्तर : साखळी बदलल्याने चीर सफाईदार येईल, पण इंजिनाची उणीव साखळी भरून काढत नाही. फांदी तोडताना इंजिनावर काही सेकंदच भार येतो. ओंडका उभा चिरताना मात्र पूर्ण वेगात, ओंडक्याच्या संपूर्ण रुंदीत, कित्येक मिनिटे सलग काम करावे लागते आणि लहान इंजिन त्यात तापून निकामी होण्याचा धोका असतो. आपल्या मापाच्या ओंडक्यांसाठी ७० सीसीपेक्षा कमी क्षमतेचे यंत्र घेऊ नये, आणि लाकूड कठीण असेल तर ९० सीसीच्या आसपासचे घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. फळीची जाडी कायम राखणारी चौकट बारवर (साखळी जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीवर) बसवली की त्याची दहा ते पंधरा सेंटिमीटर लांबी त्यातच जाते, म्हणून बार साधारण ७० सेंटिमीटरचा हवा.

आता साखळीविषयी. आडव्या छेदाच्या नेहमीच्या साखळीत दाताच्या वरच्या पात्याचा कोन साधारण ३० अंश असतो, तर उभ्या चिरण्याच्या साखळीत तो १० अंशांच्या आसपास ठेवतात. त्यामुळे वेग वाढतो असे नाही. फळीचा पृष्ठभाग कमी खरबरीत निघतो आणि पुढे रंधा मारण्याचे श्रम वाचतात. साखळी घेताना तिचा पिच (कड्यांमधले अंतर) आणि गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) आपल्या बारशी व स्प्रॉकेटशी (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाशी) जुळतो की नाही, हे अवश्य पाहावे. अरुंद छेदाची साखळी लाकूड कमी वाया घालवते आणि इंजिनावरचा भारही हलका करते, पण ती मोठ्या यंत्राच्या ताकदीला पुरेशी मजबूत असेलच असे नाही. त्याबाबत यंत्राच्या पुस्तिकेतील सूचना पाळावी.

यंत्र कितीही चांगले असले तरी धारेची हयगय चालत नाही, आणि माझ्या मते फळ्या बिघडण्याचे मुख्य कारण हेच आहे. इंधनाची टाकी भरताना दर वेळी कानस फिरवावी आणि सर्व दात सारख्या लांबीचे राखावेत, कारण एका बाजूचे दात आखूड झाले की चीर वाकडी जाते व फळी एका टोकाला जाड, दुसऱ्याला पातळ निघते. करवत जोर लावल्याशिवाय पुढे सरकत नसेल, तर तिथेच थांबून धार लावावी.

पहिल्या चिरेसाठी ओंडक्याच्या वर सरळ फळी किंवा शिडी पक्की बसवावी, म्हणजे चौकटीला सपाट आधार मिळतो. चीर लांबत जाईल तशा मागे पाचरी ठोकाव्यात, नाहीतर वरची फळी बारवर बसून साखळी अडकते. प्रत्येक चीर संपल्यावर इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ मंद गतीवर चालू ठेवून निवू द्यावे. कान, डोळे व श्वास यांचे संरक्षण अनिवार्य आहे. उभ्या चिरेचा भुसा फार बारीक असतो. आपले ४५ सीसीचे यंत्र विकू नये, ओंडके मापात तोडायला तेच सोयीचे पडेल.