सात कुठून आले?

प्रश्न : मॅडम, मी ऐरोलीला राहते, ठाण्यात एस.वाय.बी.एस्सी.ला आहे. बारावीला गणितात ९४ होते. आता रिअल अ‍ॅनालिसिस सुरू झालंय आणि मी पार ढेपाळलेय. क्ष ३ कडे जाताना क्षच्या वर्गाची सीमा ९ असते, हे सिद्ध करायचं होतं. सरांनी फळ्यावर पहिलीच ओळ लिहिली : ‘१ आणि एप्सिलॉन भागिले ७, यांतली लहान संख्या म्हणजे डेल्टा.’ एप्सिलॉन म्हणजे क्षचा वर्ग ९ पासून किती लांब चालेल ते, डेल्टा म्हणजे त्यासाठी क्ष ३ च्या किती जवळ हवा ते, इथपर्यंत कळलं. पुढचं सगळंही पटलं, पण हे ७ कुठून आले? विचारायची लाज वाटली. मैत्रिणी म्हणतात, प्रूफं पाठ कर, सुटशील. करू का? की पुढच्या वर्षी सरळ स्टॅटिस्टिक्स घेऊ?

उत्तर : अगं, लाज कसली? हाच प्रश्न मला माझ्या सरांनी विचारला होता, तोही लाल शाईत. बी.एस्सी.ला असताना मी हीच सिद्धता घोकून गेले. पेपरात सरांनी ३ च्या जागी ५ घातला. मी इमानेइतबारे ९ चे २५ केले आणि डेल्टात ७ तसेच ठेवले. समासात शेरा : ‘सात कुठून आले?’ दहापैकी शून्य. पाचासाठी ११ हवे होते. गंमत म्हणजे मी पाचाची सिद्धता घोकली असती आणि पेपरात ३ आला असता, तर ते ११ बिनबोभाट खपले असते! भाजक वाढला की डेल्टा लहान होतो, आणि लहान डेल्टा कधी नडत नाही.

तुला फळ्यावर दिसलं ते फेअर. पुस्तकंही तेच करतात, रफचं पान फाडून टाकतात. त्या पानावर काय असतं, सांगते. क्षचा वर्ग वजा ९ म्हणजे (क्ष − ३) गुणिले (क्ष + ३). पहिला अवयव तुझ्या मुठीत आहे. तो डेल्टापेक्षा लहान ठेवायचा, हे तूच ठरवतेस. भानगड दुसऱ्याची. क्ष मोकाट सुटला तर तो वाट्टेल तेवढा फुगेल. म्हणून क्षला आधी दावं बांधायचं : ३ पासून एकापेक्षा लांब जायचं नाही. मग क्ष २ आणि ४ च्या मध्ये, आणि क्ष + ३ सातापेक्षा कमी. आले तुझे ७! आता सगळा गुणाकार ७ डेल्टाच्या आत राहतो. तो एप्सिलॉनच्या आत हवा, म्हणून एप्सिलॉन भागिले ७. दावं दोनाचं ठेवलंस तर ७ चे ८ होतील, तेही बरोबरच.

मग पाठ काय करायचं? व्याख्या. त्या मात्र शब्दन्‌शब्द, शब्दांच्या क्रमासकट, कारण क्रम बदलला की ‘प्रत्येकासाठी आपापला डेल्टा’चं ‘सगळ्यांसाठी एकच डेल्टा’ होतं. ठाण्याच्या ट्रान्स-हार्बर लोकलच्या फलाटावर प्रत्येकाला घरी नेणारी गाडी येते. म्हणून एकच गाडी सगळ्यांना घरी नेते का? पनवेल गाडीत बसलेल्या वाशीकराला विचार. (तू ऐरोलीची, तुला कुठलीही चालते म्हणा.)

आता हेच गणित १०० जवळ कर. सातांचे २०१ होतात. हजाराजवळ २००१. एप्सिलॉन तोच, पण उजवीकडे सरकशील तसा डेल्टा आकसत जातो. अख्ख्या रेषेला पुरेल असा एकच डेल्टा सापडत नाही. ० ते १० एवढ्या तुकड्यावर मात्र एप्सिलॉन भागिले २० सगळीकडे पुरतो. वर्गात ‘युनिफॉर्म कंटिन्युइटी’ म्हणून येईल ती हीच गोष्ट. इथे भलेभले घसरलेत. ज्या कोशी या फ्रेंच गणितज्ञाने या विषयाला शिस्त लावली, तोच १८२१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात लिहून गेला की, संतत (कुठेही न तुटणाऱ्या) फलनांची श्रेणी अभिसारी असेल, म्हणजे तिची बेरीज ठरावीक उत्तराकडे जात असेल, तर ती बेरीजही संततच असते. १८२६ मध्ये आबेल या गणितज्ञाने अपवाद दाखवला. घोटाळा याच जातीचा : प्रत्येकाला आपापलं पुरणारं आणि सगळ्यांना मिळून एकच पुरणारं, यांतली गल्लत.

स्टॅटिस्टिक्स आवडत असेल तर जरूर घे. पळवाट म्हणून नको. तिथल्या सेंट्रल लिमिट थिअरम या प्रमेयाच्या नावातच लिमिट आहे, एप्सिलॉन तिथेही दारात उभाच असेल.

आज रात्री एक कर. क्ष २ कडे जाताना १ भागिले क्षची सीमा अर्धा, हे सिद्ध कर. रफ वेगळ्या पानावर, आणि ते पान जपून ठेव. दावं आधी एकाचं बांध, सुटेल. मग दोनाचं बांधून बघ. काय बिनसलं ते मला कळव.