पाटीवर पंथाचं नाव नसलं, तरी पंथ असतो

प्रश्न : आम्ही मूळचे बेळगावचे, घराणं मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचं. मेलबर्नला आल्यावर मेथडिस्ट देऊळ शोधलं, पण ते मिळालंच नाही. युनायटिंग चर्चमध्ये जातो, तिथे बहुतेक म्हातारी माणसं. आमचा सतरा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर एका मोठ्या स्वतंत्र मंडळीत जायला लागलाय. तिथे पंथबिंथ काही नाही, असं तो म्हणतो. आता ती मंडळी त्याला पाण्यात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा घे म्हणतेय. तान्हेपणी बेळगावात झालेला धरत नाहीत. मामंजींना कळलं तर सहन होणार नाही. काय करावं?

उत्तर : ताई, आधी मामंजींचं बघू. त्यांना तुम्ही मेथडिस्ट देऊळ सोडलं ही बोच असणार. त्यांना बेळगावचीच हकिगत सांगा. तिथे 1820 मध्ये काम सुरू केलं ते लंडन मिशनरी सोसायटीनं. बेनन स्मिथ शाळेच्या नावातले बेनन आणि स्मिथ याच सोसायटीचे मिशनरी. 1904 साली सोसायटीनं बेळगावचं काम अमेरिकन मेथडिस्टांच्या हवाली केलं आणि तिथल्या मंडळ्या मेथडिस्ट झाल्या. त्यासाठी कुणाची श्रद्धा बदलली नव्हती. दोन मिशनांत ठरलं आणि पंथ बदलला.

आता तुमच्या मेलबर्नचं. 1977 साली ऑस्ट्रेलियातले मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बरेचसे प्रेस्बिटेरियन अशा तीन प्रोटेस्टंट पंथांचे लोक एकत्र आले आणि युनायटिंग चर्च झालं. लंडन मिशनरी सोसायटी मुख्यतः काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या बळावर चाले. म्हणजे बेळगावला ज्या दोघांनी देऊळ दिलं, ते दोघेही तुमच्या त्या चर्चमध्ये नांदताहेत. तुम्ही परक्या घरी जात नाही आहात. मला तर वाटतं, तुमच्या घराण्याला ऑस्ट्रेलियात याहून जवळचं चर्च सापडणार नाही.

मुलाचा प्रश्न मात्र अवघड आहे आणि तो टाळू नका. त्याला रागावण्याआधी एवढंच विचारा : तुमच्यात पंथ नाही, तर मग माझा बाप्तिस्मा का धरत नाहीत? तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा की नाही, यावर सोळाव्या शतकापासून वाद चालू आहे. विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल केल्यावरच बाप्तिस्मा, ही बॅप्टिस्टांची जुनी भूमिका आहे, पुढे पेंटेकोस्टल मंडळ्यांनीही तीच घेतली. ती मानणारे प्रामाणिक लोक आहेत, त्यांचा आदर ठेवा. पण तीही काही ठरावीक पंथांचीच शिकवण आहे, हे मुलाला कळायला हवं. उलट मेथडिस्ट, कॅथलिक, चर्च ऑफ साउथ इंडिया हे सगळे, पाण्यानं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावानं झालेला बाप्तिस्मा एकदाच होतो असं मानतात. बेळगावात मेथडिस्ट मुलगी कॅथलिक घरात गेली, तर फादर तिला तिच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागतात, तो पुन्हा करत नाहीत. मीही याच बाजूची आहे. दुसरा बाप्तिस्मा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

त्याच्या मनाला खरीच ओढ लागली असेल, तर तिला वाट द्या. तुमच्या पाळकांना भेटून बाप्तिस्म्याच्या वचनांची पुन्हा कबुली देण्याची उपासना मागा. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी 1755 मध्ये सुरू केलेली कराराची उपासना, म्हणजे देवाला दिलेला शब्द पुन्हा पक्का करण्याची उपासना, मेथडिस्ट आजही बहुधा नव्या वर्षाच्या सुरुवातीला घेतात, तीही त्याला दाखवा.

पंथांचं पुढे काय, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आहेच. खोटा दिलासा देऊ नका. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चमधून 2019 ते 2023 दरम्यान सुमारे एक चतुर्थांश मंडळ्या बाहेर पडल्या, मुख्यतः समलिंगी विवाहाच्या वादावरून. पण याच पंथांनी जुनी भांडणंही मिटवली आहेत. मनुष्य विश्वासानं नीतिमान कसा ठरतो, या ज्या मुद्द्यावर ख्रिस्ती जग फुटलं, त्यावर 1999 मध्ये कॅथलिक आणि लुथरन यांनी एकत्र सही केली आणि 2006 मध्ये मेथडिस्टही त्यात आले. पंथांच्या पाट्या कदाचित कमी होतील. पण पाळक कुणाला जाब देतो, दानपेटीचा हिशेब कोण तपासतो, पाळक चुकला तर दाद कुठे मागायची, याची ठरलेली सोय जुन्या पंथांनी ठेचा खाऊन उभी केली आहे. हे तीन प्रश्न मुलानं आपल्या नव्या मंडळीत विचारावेत. उत्तरं नीट मिळाली, तर तरुणांच्या संगतीला तिथे खुशाल जाऊ द्या आणि रविवारची उपासना तुमच्याबरोबर ठेवा. टाळाटाळ झाली, तर तुम्हीच त्याला थोपवा.

या डिसेंबरात बेळगावला जात असाल, तर आपल्या मंडळीच्या पाळकांना आधी कळवून बाप्तिस्म्याची नोंदवही बघायला मागा. मुलाला बरोबर न्या. मुलाचं नाव, आईबापांचं नाव, तारीख, खाली पाळकांची सही. आणखी मागची पानं उलटली तर आजोबांची ओळही सापडेल. त्या ओळीवर बोट ठेवून मामंजींनाच बोलू द्या. तिथूनच दाखल्याची प्रत आणि सभासदत्वाचं पत्र घ्या. युनायटिंग चर्चमध्ये नाव लावायला ते उपयोगी पडेल.

एवढं करूनही अठरा पूर्ण झाल्यावर तो बुडवून बाप्तिस्मा घेईन म्हणाला, तर घरात अबोला धरू नका. आजोबांना ते त्यानं स्वतः फोन करून सांगावं, तुम्ही मध्ये पडू नका. नातवाच्या तोंडून ऐकलेलं त्यांना लागेल, पण बाहेरून कानावर आलेलं त्याहून जास्त लागेल.