उदारमतवादी, पण कशाबाबत?

दारव्हा तालुक्यातील एका गावच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका तरुणाने विचारले आहे : ‘गोखले उदारमतवादी आणि टिळक जहाल, असे आम्ही वाचतो. पुढे संमतिवयाच्या कायद्याचा विषय आला की टिळकांना पुराणमतवादी म्हटलेले आढळते. जहाल माणूस पुराणमतवादी कसा असू शकतो? शिवाय आज उदारीकरणाला विरोध करणारे अनेक जण स्वतःला उदारमतवादी म्हणवतात आणि टीव्हीवरच्या चर्चेत तोच शब्द शिवीसारखा फेकला जातो. यातला खरा अर्थ कोणता? आणि परंपरावादी, पुराणमतवादी, सनातनी व प्रतिगामी हे शब्द एकाच अर्थाचे धरावेत काय?’

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘धरू नयेत’ असे आहे. पहिल्या प्रश्नातला घोळ मात्र विद्यार्थ्यांचा नसून शब्दांच्या वाटणीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी मुलखात दोन वाद एकाच वेळी चालू होते आणि दोन्हींसाठी मराठीने निरनिराळ्या जोड्या केल्या होत्या. इंग्रज सरकारशी कसे वागावे, अर्जविनंत्या करून की रेटा लावून, या वादातले पक्ष म्हणजे नेमस्त (त्यांनाच विरोधक ‘मवाळ’ म्हणत) आणि जहाल. आपल्याच समाजातल्या चालीरीती बदलाव्यात की राखाव्यात, या वादातले पक्ष म्हणजे सुधारक आणि सनातनी. सरकारने व्यापारउदिमात किती हात घालावा, हा तिसरा वादही होता. पण त्याच्यासाठी लोकांच्या तोंडी बसलेली जोडी कधी तयारच झाली नाही. आज आपण हे तिन्ही वाद ‘उदारमतवादी’ आणि ‘परंपरावादी’ या एकाच जोडीच्या डोक्यावर ठेवतो, आणि मग एकच माणूस दोन्हीकडे कसा, असा प्रश्न पडतो.

पहिल्या वादाची साक्ष आपल्या अमरावतीत आहे. रावबहादूर रंगनाथ नरसिंह मुधोळकर आणि दादासाहेब खापर्डे हे दोघेही एकाच गावात वकिली करणारे. मुधोळकर नेमस्त, १९१२ मध्ये बांकीपूर येथे भरलेल्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. खापर्डे जहाल आणि टिळकांचे जिवलग. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते आणि टिळकांना मंडालेला पाठवल्यानंतर त्यांच्या अपिलासाठी ते इंग्लंडला जाऊन राहिले. १९०७ चे अधिवेशन खरे तर नागपूरला व्हायचे होते. तिथे जहालांचा जोर आहे हे पाहून ते सुरतेला हलवले गेले आणि सुरतेत व्हायचे ते झालेच : काँग्रेस फुटली. नेमस्तांपैकी पुष्कळांनी पुढे १९१८ मध्ये काँग्रेस सोडून स्वतंत्र लिबरल फेडरेशन काढले. तेव्हापासून ‘नेमस्त’ आणि ‘उदारमतवादी’ हे दोन शब्द एकमेकांना चिकटले ते आजतागायत सुटलेले नाहीत. वास्तविक ‘नेमस्त’ या शब्दात मर्यादेत राहण्याचा, बेताने चालण्याचा भाव आहे. ते चालण्याच्या रीतीचे नाव आहे. कोठे पोहोचायचे, हे त्यातून कळत नाही.

दुसऱ्या वादाकडे पाहिले की तुमच्या प्रश्नाची गाठ सुटते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा केले. रानडे आणि आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले, टिळकांनी विरोध केला. टिळकांचा एक मुद्दा असा होता की आमच्या घरातल्या रूढींवर परक्या सरकारने कायदे करू नयेत. सुधारणा व्हायची ती लोकशिक्षणाने व्हावी. आता गंमत पाहा. सत्तेला आवर घाला, असे म्हणणारे येथे टिळक आहेत आणि सत्तेने हस्तक्षेप करावा, असे म्हणणारे मिल-स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचलेले आगरकर आहेत, ज्यांचा व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कार सर्वांत रोखठोक होता. यात विसंगती शोधत बसण्याचे कारण नाही. दहा वर्षांच्या मुलीवरची सत्ता सरकारची नव्हती, ती घराची आणि जातीची होती. तिचे स्वातंत्र्य राखायचे तर त्या सत्तेला आवर घालणारे दुसरे काही हवे होते आणि ते कायद्याखेरीज दिसत नव्हते. उदारमतवादाचा गाभा शोधायचा तर तो मला या ठिकाणी सापडतो : एकट्या माणसावर कोणाचा तरी जाच चालू असतो, तो कोणाचा हे ओळखून त्याला आळा घालणे. जाच करणारा बदलला की उदारमतवाद्याची मागणीही बदलते, आणि शब्दाचा अर्थ पालटल्यासारखा वाटतो.

युरोपातही हेच झाले. राजकीय पक्षाचे नाव म्हणून ‘लिबरल’ हा शब्द प्रथम रूढ झाला तो स्पेनमध्ये, कादिझ येथे १८१२ ची राज्यघटना घडवणाऱ्या मंडळींसाठी. तेथे जाच राजाचा आणि धर्मपीठाचा होता, म्हणून मागणी होती राजसत्तेला घटनेने बांधण्याची. इंग्लंडात शतकाच्या मध्यास हा शब्द खुल्या व्यापाराशी जोडला गेला. १८४६ मध्ये धान्याच्या आयातीवरील कायदे रद्द झाले, आणि ते रद्द करणारा पंतप्रधान पील हा हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचा होता, ज्यामुळे त्याचा स्वतःचाच पक्ष फुटला. त्याच इंग्लंडातल्या लिबरल सरकारने १९०८ मध्ये म्हाताऱ्यांना पेन्शन दिले आणि १९११ मध्ये आजारपणाचा व बेकारीचा विमा आणला. अमेरिकेत १९३३ नंतर रूझवेल्टच्या कार्यक्रमामुळे ‘लिबरल’ म्हणजे सरकारने गरिबासाठी खर्च करावा असे मानणारा, हा अर्थ पक्का झाला. ऑस्ट्रेलियातला लिबरल पक्ष मात्र आजही उजवीकडचा समजला जातो. आपल्या टीव्हीवरची शिवी आली आहे ती अमेरिकी वळणाची, आणि ‘उदारीकरण’ आले ते इंग्लंडच्या जुन्या वळणाचे. एका मुळाच्या या दोन फांद्या आपल्याकडे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वाटांनी येऊन पोहोचल्या, एवढेच.

खुल्या व्यापाराच्या या तत्त्वाचा वऱ्हाडला आलेला अनुभव सहसा पाठ्यपुस्तकात नसतो. आपला कापूस रेल्वेने मुंबईला आणि तिथून लँकेशायरला जाऊ लागला, त्या काळात मँचेस्टरचे गिरणीवाले स्वतःला उदारमतवादी म्हणवत. त्यांच्या आग्रहाखातर १८८२ मध्ये हिंदुस्थानात येणाऱ्या कापडावरील आयात कर काढला गेला. पुढे तो बसवावा लागला तेव्हा ‘बरोबरी’ राखण्यासाठी १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी (उत्पादन कर) बसवली. म्हणूनच न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात सांगितले की इंग्लंडचे अर्थशास्त्र जसेच्या तसे येथे लागू पडत नाही, आणि उद्योग उभे राहण्यासाठी सरकारने हातभार लावला पाहिजे. १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडणारे गोखले त्यांचेच शिष्य. तेव्हा मराठी उदारमतवाद पहिल्यापासूनच ‘सरकार दूर ठेवा’ असे म्हणणारा नव्हता. आज कोणी उदारीकरणाला विरोध करून स्वतःला उदारमतवादी म्हणवत असेल, तर तो रानड्यांच्या परंपरेशी फारसा फटकून वागत नाही. त्याचा विरोध योग्य की अयोग्य, हा भाग वेगळा.

मात्र दुसरी फांदीही आपल्या मातीत रुजलेली आहे. राजगोपालाचारी, मिनू मसानी यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेला स्वतंत्र पक्ष परमिट-लायसनच्या विरोधात होता. गावोगाव ही भाषा पोहोचवली ती शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. सरकारी यंत्रणेखेरीज दुसऱ्या कोणाला कापूस विकणे बेकायदा होते, आणि शेजारच्या राज्यात भाव चढा असला की सीमेवरच्या गावांतून कापूस चोरून पलीकडे जाई. ज्याने स्वतःच्या घरचा कापूस रात्री चोरासारखा नेला, त्याला ‘बाजाराचे स्वातंत्र्य’ म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्याच संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन घेतले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून द्यायला लावली. बाजाराबाबत उदार आणि घराबाबतही उदार, असा दुहेरी मेळ आपल्या राजकारणात क्वचितच दिसतो.

बहुतेकांचा मेळ असा बसत नाही. आमच्या गावातले एक जाणते शेतकरी कपाशीत तुरीची तासे (ओळी) टाकल्याशिवाय पेरणी करत नाहीत, ज्वारीचे बियाणे घरचेच राखतात आणि नव्या वाणाचे पाकीट पहिल्या वर्षी बांधाच्या कडेला दोन ओळींपुरतेच लावून पाहतात. त्यांचा मुलगा २०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे बंदी असलेल्या एचटीबीटी (तणनाशक सोसणाऱ्या) कपाशीची जाहीर लागवड झाली, तेव्हा मुद्दाम पाहायला गेला होता. या दोघांतला परंपरावादी बाप आणि उदारमतवादी मुलगा, असे चटकन लिहावेसे वाटते. पण सुनेने ग्रामपंचायतीला उभे राहावे, असा हट्ट बापाचा होता आणि मुलगाच का-कू करत होता. सरकारबद्दल बापाला विचारले तर उत्तर मिळाले : ‘सरकारनं आमच्या भावात हात घालू नये, अन् भाव पडला तं हात आखडू बी नये.’ या वाक्याला कोणत्या वादाचे नाव द्यावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मात्र पारावर बसलेल्यांपैकी कोणालाही त्यात काही विसंगत वाटले नाही.

आता दुसऱ्या बाजूचे शब्द. येथे मराठी कंजूष आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्लंडात लोक आपल्या पक्षाला अभिमानाने कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतात. आपल्या जुन्या वृत्तपत्रांनी त्याचे नाव ‘हुजूर पक्ष’ असे ठेवले, ज्यात जी-हुजुरीचा वास येतो. ‘पुराणमतवादी’ हा शब्द कोणी स्वतःसाठी वापरलेला माझ्या पाहण्यात नाही. तो नेहमी दुसऱ्याने चिकटवलेला असतो. ‘प्रतिगामी’ तर थेट आरोप आहे. ‘सनातनी’ हा तेवढा अभिमानाने मिरवला जाणारा शब्द, पण तो धर्मापुरता. शिवाय १९२१ मध्ये गांधीजींनी स्वतःला सनातनी हिंदू म्हटले होते, आणि अस्पृश्यता त्यांना त्याच धर्माला लागलेला कलंक वाटत होती. त्यामुळे ‘सनातनी’ वरून त्या माणसाचे राजकारण ओळखता येईलच, असे नाही.

या कंजुषीमुळे एक विचार नीट मांडायलाच जागा राहत नाही. १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करणारा एडमंड बर्क हा या विचाराचा मूळ पुरुष मानला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या संस्थेत एखाद्या हुशार माणसाच्या डोक्यात मावणार नाही इतका अनुभव साठलेला असतो, ती मोडण्याआधी ती कशासाठी होती, हे पाहावे. हाच बर्क हिंदुस्थानातल्या कंपनीच्या कारभाराबद्दल वॉरन हेस्टिंग्जवर खटला चालवत होता, आणि येथील जुन्या संस्था पायदळी तुडवल्या, हा त्याच्या रागाचा एक भाग होता. म्हणजे परंपरा जपणे आणि जुलमाची पाठराखण करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. कपाशीतली तुरीची तासे जपणाऱ्या शेतकऱ्याचे शहाणपण याच जातीचे आहे : कपाशी बुडाली तर तूर हाती लागते, हे त्याला कोणत्या सिद्धांताने शिकवलेले नाही.

या विचाराचा दुबळेपणाही तितकाच ठळक आहे. जुन्या संस्थेत अनुभव साठतो तसा अन्यायही साठतो, आणि तो सोसणाऱ्याला ‘थोडे थांबा, बेताने घ्या’ असे सांगणारा बहुधा तो न सोसणारा असतो. १९२७ मध्ये पंजाबराव देशमुखांच्या पुढाकाराने अमरावतीला अंबादेवी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला, तेव्हा देवळाच्या बाहेर उभ्या असलेल्यांना परंपरेच्या साठवलेल्या शहाणपणाचे काय करायचे होते? उलट उदारमतवाद्याची नेहमीची चूक अशी की तो माणसाला सुटा धरतो. भाऊबंदकी, सोयरसंबंध, गावकी यांतून माणूस मोकळा केला की तो सुखी होईल, असे तो गृहीत धरतो. आणि त्याच भाऊबंदांनी नापिकीच्या वर्षी धान्य दिलेले असते, हे त्याच्या हिशेबात येत नाही. दोन्हींत मला निवड करावीच लागली तर मी उदारमतवादाच्या बाजूने झुकेन, कारण चुकीचा बदल पुन्हा बदलता येतो. पण गावकीने ज्याचे तोंड बंद केले, त्याला ‘हे बदला’ एवढे म्हणण्याचीही सोय उरत नाही. मात्र हे झुकते माप आहे, दुसऱ्या पारड्यात काहीच नाही असा त्याचा अर्थ नव्हे.

वापरापुरते सांगायचे तर टीका करायची नसेल तेथे ‘परंपरावादी’ लिहावे. तो त्यातल्या त्यात निष्पक्ष शब्द आहे. झालेला बदल उलटवून मागे नेऊ पाहणाऱ्यासाठीच ‘प्रतिगामी’ राखून ठेवावा. ‘पुराणमतवादी’ वापरायचा तर तो आपला अभिप्राय आहे, हे जाणून वापरावा. टिळकांविषयी परीक्षेत लिहिताना ‘राजकारणात जहाल, सामाजिक सुधारणेच्या बाबतीत परंपरावादी’ असे लिहिणे बरोबर ठरेल. नुसते ‘पुराणमतवादी’ अपुरे आहे. गोखल्यांसाठी ‘राजकारणात नेमस्त, समाजकारणात सुधारक’ असे लिहिल्यास ‘उदारमतवादी’ न लिहिताही सर्व काही सांगून होते. आणि चर्चेत कोणी ‘उदारमतवादी’ हा शब्द शिवी म्हणून वापरला, तर तो सरकारबाबत, रूढींबाबत की बाजाराबाबत, एवढे त्याला जरूर विचारावे.