पोराचा एक्झिमा : सुरुवातीला एवढंच बघ

अगं घाबरू नकोस, एक्झिमा म्हणजे कातडी कोरडी पडून खाज सुटते, चट्टे येतात तो त्रास; आटोक्यात राहतो तो, फक्त आठवड्यात जाईल अशी आशा ठेवू नको. आधी एवढं कर:

- आंघोळ कोमट पाण्याने, ५-१० मिनिटं, बस. आपल्याकडे बंबातलं कढत पाणी घ्यायची सवय, खाजेवर ते बरंही वाटतं, पण नंतर कातडी कोरडी पडून जास्तच खाज सुटते.
- पंचाने टिपून घे, घासू नको, आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचं जाड मॉइश्चरायझर चोपड. दिवसातून दोनदा, त्वचा बरी दिसली तरी. निम्मं काम इथेच होतं.
- नखं बारीक काप.

लोक चुकतात कुठे, तर मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणून लावतात, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं आणि तो एक्झिमा नसून नायटा (बुरशीचा संसर्ग) निघाला तर उलट पसरतो. डॉक्टरने दिलेलं स्टिरॉइड मात्र भिऊन अर्धवट सोडू नको. आणि शेजारीण म्हणाली म्हणून बांगडा, अंडी, दूध सगळं बंद?? वाढतं पोर आहे ते! खाल्ल्यावर लगेच गांधी उठत असतील तर डॉक्टरांना विचार, नाहीतर तारली-बांगडा खाऊ दे की. पावसात दमट राहिलेले कपडे घालू नको. चट्ट्यांतून पाणी सुटलं, पिवळट खपल्या धरल्या तर लगेच दाखव.